रिळाच्या कडेवरचं बोट

आमच्या प्रभादेवीच्या स्टुडिओत इलेक्ट्रॉनिक्सचं काम बघणारा एक तरुण आहे. अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीत वाढलेला, बोलणं भराभर आणि निम्मं हिंदीत. गेल्या वर्षी एका दुपारी त्याने स्वतः जोडलेली पत्र्याची पेटी माझ्यापुढे आणून ठेवली. कंपासपेटीहून थोडी मोठी, वर दोन बटणं.

"साहेब, जरा कान द्या. बाहेरच्या देशात दोन-दोन टेपरेकॉर्डर लावून जे करायचे ना, ते हा डबा अकेला करतो."

एका जाहिरातीतला बाईचा आवाज त्याने पेटीतून सोडला आणि एक बटण हळूहळू फिरवलं. आवाज आधी जरा जाड झाला. मग एकीच्या दोघी झाल्या. मग त्या दोघी एकमेकींच्या जवळ सरकल्या आणि आवाजाच्या आतून सूं करत एक लाट वर चढत गेली. नळाखाली कळशी भरत आली की तिचा आवाज बारीक होत वर जातो, तशी. वर गेली, जरा थांबली, पुन्हा खाली उतरली.

मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो, हे मला नंतर त्यानेच सांगितलं.

"क्या हुआ साहेब? आवडला नाय?"

"बंद कर," मी म्हणालो.

त्याला वाटलं, जुना माणूस, नवीन गोष्टीला बिचकला. म्हणून मला पुन्हा बसवून तो समजावू लागला. एकच आवाज दोनदा ऐकवायचा, दुसऱ्यांदा किंचित उशिरा. तो उशीर कमीजास्त करत राहायचा. दोन्ही एकमेकांवर आले की आवाजाचा काही भाग एकमेकांना खाऊन टाकतो आणि काही दुप्पट होतो. "आत छोट्या छोट्या बादल्या आहेत समजा. आग लागली की माणसं रांगेत उभी राहून बादली पुढे देतात ना, तसा आवाज या हातातून त्या हातात जातो. बटण फिरवलं की हात फास्ट चालतात, नायतर स्लो. बस. रीळ नको, बोट लावायला नको."

टेबलाखाली मी उजव्या हाताची मूठ मिटून घेतली.

हा आवाज मी केला होता, हा मुलगा जन्मला त्या सुमारास. परळला. बोटाने. त्याबद्दल आजवर मी कुणाशी बोललो नाही. बायकोशीही नाही. आता लिहितो आहे, कारण ज्या बाईला आधी सांगायला हवं होतं तिला अखेर सांगून झालं आहे.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली तेव्हा मी विशीत होतो. राहायला दादरला, वडील कारकून, मॅट्रिकनंतर रेडिओचा कोर्स केलेला. परळला लाऊडस्पीकर भाड्याने देणारं एक दुकान होतं, तिथे कामाला लागलो. गणपती, लग्नं, सत्यनारायण आणि आता रोजच्या सभा. आमचे मालक मनाने चळवळीत आणि जिवाने कर्ण्यांत. "मुंबई महाराष्ट्राचीच आहे रे, पण कर्णे माझे आहेत," असं बजावूनच ते आम्हाला सभेला पाठवत. दुकानात एक रिळांचा टेपरेकॉर्डर होता, दोघांनी मिळून उचलावा इतका जड. दुसरा तसाच एक शिवाजी पार्कच्या एका डॉक्टरांचा दुरुस्तीला येऊन पडला होता. दुरुस्त झाला तरी डॉक्टर तो न्यायला येत नव्हते.

सभांना गाणारं एक कलापथक होतं. त्यातला मुख्य गडी लालबागच्या चाळीत राहायचा, गिरणीत साच्यावर कामाला, मूळचा मालवणकडचा. सगळे त्याला शाहीर म्हणत. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा असेल. आवाज असा की माइक जरा लांबच ठेवावा लागे. एकदा तो पाळी संपवून सरळ दुकानात आला. अंगावर कापसाची कुसं, नाक चोंदलेलं. आम्ही त्याचं एक गाणं रिळावर घेतलं. शेवटच्या कडव्याच्या तोंडाशी त्याला खोकला आला. दोन ठसके, आणि लगेच पुढची ओळ.

मी म्हटलं, "परत घेऊ या का?"

"राहूंदे रे. खोकलो पण महाराष्ट्राचोच आसा." आणि स्वतःच्याच विनोदावर हसताना त्याला पुन्हा ठसका लागला.

त्यानंतर आठवडाभरात शहरात गोळीबार झाला. त्या दिवशी तो चाळीतल्या पोरांबरोबर फोर्टकडे गेला. पोरं परत आली. तो आला नाही. केईएमपासून जे. जे. पर्यंत सगळी हॉस्पिटलं पाहून झाली. शवागारात पथकातले दोघे गेले आणि बाहेर येऊन पायरीवर बसून राहिले. तिथेही तो नव्हता. कुणी म्हणे, काही प्रेतं पोलिसांनी परस्पर जाळली. कुणी म्हणे, खोटं नाव सांगून तुरुंगात आहे. कुणी म्हणे, गोव्याच्या हद्दीत लपलाय. खात्रीचं कुणाजवळ काही नव्हतं. त्याच्या बायकोजवळ तर नव्हतंच. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती, मूल नव्हतं. मी तिला वहिनी म्हणायचो, ती मला भावजी.

पथकाने त्याची जागा रिकामी ठेवायचं ठरवलं. सभेत मंचावर एक खुर्ची, खुर्चीवर त्याचा डफ आणि मागच्या कापडाआडून रिळावरचा त्याचा आवाज. टेप आहे हे लोकांना कळलं तरी चालेल, पण मशीन दिसता कामा नये, असं पथकातल्या मोठ्यांनी सांगितलं. डब्यातून माणूस गातोय हे दिसलं की सगळं कोरडं होतं.

त्या काळी रीळ कधी तुटेल याचा नेम नसे. सभेच्या ऐन मध्यावर फीत तुटली की लोक शिट्ट्या मारत आणि मालक आमच्या आईवडिलांचा उद्धार करत. म्हणून मी एका मशीनवरून दुसऱ्यावर त्या गाण्याची नक्कल करून घेतली आणि सभेत दोन्ही मशीनं एकदम चालू केली. एक तुटली तरी दुसरी गात राहील, कुणाला कळणारही नाही. कामाची साधी सोय. माझ्या डोक्यात याहून जास्त काही नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. पण ते फक्त पहिल्या सभेपुरतं.

दोन मशीनं कधी अगदी बरोबरीने चालत नाहीत. डॉक्टरांचं जरा पुढे पळायला लागलं. शाहिराच्या आवाजामागून शाहिराचा आवाज येऊ लागला. मी घाबरलो आणि पुढे पळणाऱ्या रिळाच्या कडेवर बोट टेकवलं, त्याला जरा रोखावं म्हणून. दोन आवाज जवळ आले, एकमेकांत शिरले, आणि कर्ण्यांतून ती लाट निघाली. मैदानाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला कुणीतरी भलं मोठं कापड ओढत न्यावं तशी ती डोक्यांवरून गेली.

मैदान गप्प झालं. पोरं रडायची थांबली. शेंगदाणेवाल्यानेही हाक घातली नाही. मी कापडाआडून पाहिलं तर पुढच्या ओळींतली माणसं वर बघत होती.

मग कुणीतरी ओरडलं, "आहे! तो आत आहे! टेपच्या बरोबर गातोय!"

पुढचं मला नीट आठवत नाही. घोषणा, टोप्या उडालेल्या, मंचाच्या फळ्या हादरत होत्या. मला तेवढी शांतताच आठवते. गर्दीने माझ्या बोटाखाली श्वास धरला होता. त्याची चव मला लागली. सगळं त्या चवीपासून सुरू झालं.

सभा संपल्यावर आमच्या भागातला कार्यकर्ता कापडामागे आला. शाळेत मास्तर होता, सभ्य माणूस. मशीनं बघून त्याच्या लक्षात आलं.

"दोन्ही तूच लावलीस?"

"हो. तुटलं तर म्हणून."

तो जरा वेळ खुर्चीवरच्या डफाकडे बघत राहिला. "लोकांना वाटतंय तो जिवंत आहे. पोलिसांच्या नाकावर टिच्चून गातोय. वाटू दे. कुणाला काही बोलू नकोस."

"पण सर, त्यांच्या घरी..."

"घरच्यांचं मी बघतो."

त्याने बघितलं नाही. त्याला दोष देत नाही मी. तो नंतर स्वतः तुरुंगात गेला. पण मी तर बाहेर होतो.

त्यानंतर लालबाग, परळ, नायगाव, गिरगाव, जिथे सभा तिथे तो आवाज. मी शिकत गेलो. बोट कधी टेकवायचं, किती दाबायचं, दुसरा आवाज किती मागे सोडायचा आणि कुठल्या शब्दावर पुन्हा पहिल्यात मिसळायचा. मागे सोडला की दोन माणसं गाताहेत असं वाटे. जवळ आणला की लाट उठे. लोक सभेला भाषणांसाठी येत होतेच, पण 'तो कापडामागचा' ऐकायलाही येत होते. सभेनंतर शंभर अफवा. तो दाढी वाढवून फिरतो. तो बुरख्यात येतो. एकाने तर त्याचे पाय कापडाखालून पाहिले होते. ते पाय माझे होते.

आणि दर सभेला पुढे, बायकांच्या घोळक्यात, वहिनी. ती घोषणा देत नसे, टाळ्या वाजवत नसे. गाणं सुरू झालं की मान एका बाजूला कलती करी. भाकरी तव्यावर टाकल्यावर बायका कधी कधी कान देऊन राहतात, तशी. मला कापडाच्या फटीतून ती दिसायची. मी एक-दोनदा ठरवलं की आज बोट लावायचं नाही, एकच मशीन चालवायचं. पण गर्दी वाट बघत असायची आणि बोट आपोआप जायचं.

एकदा गिरगावात गाणं चालू असताना मागून कापड उचललं गेलं. साध्या कपड्यातला पोलीस. मागे अजून एक. त्याने आत डोकं घालून सगळीकडे पाहिलं. मी, दोन मशीनं, वायरी.

"एवढंच?" तो म्हणाला. "आम्ही म्हटलं पाखरू आत आहे. महिनाभर तुझ्या मागे फिरतोय साला."

"आत कुणी नाही साहेब."

"मग दोघं गाताना ऐकू येतात ते?"

मी दाखवलं. भीतीने दाखवलं म्हणू का? नाही. जरा अभिमानानेच दाखवलं. तो खूश झाला. "मला लावू दे," म्हणाला. आणि मी त्याचं बोट धरून रिळाच्या कडेवर ठेवलं. बाहेर मैदानावर ती लाट उठली आणि लोक ओरडले. तो लहान मुलासारखा हसला आणि कापड सोडून निघून गेला.

म्हणजे मास्तरांना ठाऊक होतं, मालकांना ठाऊक होतं, पोलिसांना मी स्वतः सांगितलं होतं. पुढच्या ओळीत मान कलती करून बसलेल्या बाईला तेवढं ठाऊक नव्हतं.

असंच वर्ष उलटलं. एका सकाळी मी दुकान उघडून कर्णे पुसत होतो, तर ती फळीसमोर येऊन उभी. यापूर्वी ती कधी दुकानात आली नव्हती. समोरच्या फुटपाथवर एक माणूस पत्र्याची ट्रंक पायाशी ठेवून उभा होता.

"माझो भाऊस," ती म्हणाली. "गावाक न्यायला आलाय. उद्या सकाळची बोट आहे."

"बरं केलंत. थोडे दिवस जाऊन या वहिनी."

"थोडे दिवस नाय. कायमचा." तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "तो म्हणता, वर्ष झाला. आमच्यात पाट लावतात. त्याने माणूस बघून ठेवलाय. शेतीवाडी आसा, माणूस बरो आसा म्हणतो. मी अजून काय बोलले नाय."

मी फडका हातात धरून तसाच उभा.

"म्हणून तुमका विचारायला आले. तुम्ही कापडामागे असता. दोघे गातत. त्यातलो एक टेपातलो, ता माका ठावक आसा." तिने माझ्या डोळ्यांकडे पाहिलं. "दुसरो कोण, भावजी? तो स्वतः येता काय?"

समोर भावाने ट्रंक उचलून पुन्हा खाली ठेवली. आत मालक पूजा करत होते, घंटी वाजत होती. मला 'नाही' म्हणायला एक श्वास पुरला असता. नाही वहिनी, दुसरंही मशीनच आहे. जा तुम्ही गावाला. पण त्याच संध्याकाळी लालबागला मोठी सभा होती. ही बातमी चाळीतून फुटली तर कापडामागे काही उरणार नव्हतं, आणि मीही. असा विचार मी केला असं आज लिहितो, पण तेव्हा इतकं स्वच्छ काही सुचलं नव्हतं. तेव्हा फक्त तोंडातून निघालं.

"वहिनी, मला सांगायची मनाई आहे."

खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. मनाई होतीच.

तिचा चेहरा बदलला. तिने पटकन इकडेतिकडे बघितलं, जणू आता तिलाही कुणापासून लपवायचं होतं, आणि हळूच म्हणाली, "कळला. मी नाय कोणाक बोलूची." रस्ता ओलांडून ती भावाशी काही बोलली. तो हातवारे करत होता, ती मान हलवत होती. मग तो ट्रंक खांद्यावर घेऊन एकटाच निघून गेला. त्या संध्याकाळी ती पुढच्या ओळीत होती. कपाळावरचं कुंकू रोजच्याहून मोठं होतं.

पुढे तिने खोलीत खानावळ घातली. गिरणीतले एकटे राहणारे पुरुष दोन वेळा जेवायला येत. आमच्या दुकानातला वायरमन तिथे जेवायचा. तो सांगे की वहिनी रात्री दाराला कडी घालत नाहीत. का, तर अवेळी कुणी आलं तर दार वाजवायला लागू नये. वाजवलं की शेजारी जागे होतात, बातमी फुटते. चाळीत त्याची थट्टा व्हायची. "वहिनींकडे चोर शिरला तर जेवूनच जाईल," असं वायरमन म्हणायचा आणि सगळे हसायचे. मीही हसायचो.

राज्य झालं त्या दिवशी लालबागच्या नाक्यावर आम्ही कर्णे बांधत होतो. सगळीकडे गुलाल, पेढे, फटाके. तिची चाळ नाक्यालाच लागून. मी शिडीवर होतो, ती गॅलरीत. नवं लुगडं नेसून सकाळपासून उभी होती म्हणे. आता लपायला कारण उरलं नव्हतं. ज्याला यायचं तो उघड येऊ शकत होता.

"भावजी!" तिने हाक मारली. "आता तरी सांगशात ना?"

कर्णे चालू होते, बँड वाजत होता. मी कानाला हात लावून दाखवलं, ऐकू येत नाही म्हणून. तिने पुन्हा हाक मारली. मी पुन्हा कानाला हात लावला. मग शिडी उतरून दुसऱ्या खांबाकडे गेलो. तिचं अक्षर न् अक्षर मला ऐकू आलं होतं.

त्यानंतर मी ते दुकान सोडलं. आधी दादरला एका रेडिओवाल्याकडे, मग प्रभादेवीला. गणपतीत सगळी मुंबई लालबागला जाते, मी जात नाही. घरात मला गर्दी सोसत नाही असा समज आहे.

आणि मग ती पेटी माझ्या टेबलावर आली. चार दिवस मी त्या मुलाशी धड बोललो नाही. पाचव्या दिवशी म्हटलं, "ती एक दिवस मला घरी न्यायला देशील?"

"ले जाओ ना साहेब. पण फिरवताना दम धरा, जादा फिरवलं की डब्यात भूत शिरतो," तो हसत म्हणाला.

एक माइक, लहानसा टेपरेकॉर्डर, ती पेटी आणि एक कॅसेट. जुनं रीळ मी इतकी वर्षं कपाटात मागे ठेवलं होतं. त्यावरचं गाणं स्टुडिओत कॅसेटवर उतरवून घेतलं. दुपारची पंगत उठल्यावर जाऊ असं ठरवून लालबागला गेलो. जिन्याच्या पायऱ्या तशाच. दार सताड उघडं. ती ताटं विसळत होती. केस पिकले होते, कुंकू तेवढंच मोठं. भिंतीवर खिळ्याला डफ.

मला ओळखायला तिला क्षणही लागला नाही. हात पुसत उठली आणि माझ्या मागे, दाराबाहेर बघितलं. माझ्याबरोबर आणखी कोण आहे का, हे.

"एकटाच आलोय वहिनी," मी म्हणालो.

"बसा. जेवलात?"

"काहीतरी दाखवायचंय. मग सांगतो."

मी सगळं जोडलं. माइक तिच्या हातात दिला.

"काय बोलू?"

"काहीही."

तिने घसा साफ केला. "आज भात, डाळ, बांगड्याचा तिखला. उद्या सोमवार, उद्या वाटाण्याची उसळ. पैसे आगाऊ द्यायचे, उधार नाय." आणि लाजली.

मी बटण फिरवलं. खोलीत दोन बायका बांगड्याचं तिखलं सांगू लागल्या. ती खुदकन हसली, तोंडाला पदर लावला. "अगो बाय! ही दुसरी कोण?" मी बटण आणखी फिरवलं. दोन्ही आवाज जवळ आले आणि ती लाट उठली, कळशी भरत गेली, वर, वर.

तिचं हसणं थांबलं. पदर तोंडाशीच राहिला.

मी सांगितलं. दोन मशीनं. रीळ. बोट. मास्तर, मनाई, गिरगावचा पोलीस, सगळं. शिडीवर मला ऐकू आलं होतं, तेही. बाहेर नळावर बायका भांडत होत्या. बोलून झाल्यावर मी तिच्याकडे बघू शकलो नाही, पेटीकडे बघत राहिलो.

"माका कळलेला," ती म्हणाली.

मी वर पाहिलं.

"दुसऱ्या-तिसऱ्या सभेत कळलेला. शेवटच्या कडव्याक तो खोकता. दोघे एकदम खोकले." ती शांतपणे, एखाद्या पोराला गणित समजवावं तशी सांगत होती. "गाणा दोघे एकदम म्हणतीत, भावजी. खोकलो दोघांका एकदम कसो येतलो? मी घरी येऊन रडलंय. भावाक निरोप मीच धाडलेला, ये म्हणून. दुकानात तुमका विचारूक इलंय ती फक्त एकदा खात्री करूक. तुम्ही नाय म्हणशात, मग बोटीत बसायचा."

तिने माइक खाली ठेवला.

"तुम्ही म्हणालात, सांगायची मनाई आसा. मग मी म्हटला, माझे कान चुकले असतील. शिकलेलो माणूस, यंत्राजवळ बसणारो. मी माझ्या कानांक खोटा पाडला."

मला वाटलं होतं ती ओरडेल, हाकलेल. त्याची तयारी करूनच मी आलो होतो. याची नव्हती.

"तो आसा ना तुमच्याजवळ अजून?" तिने विचारलं. "आवाज?"

"आहे."

"एकटोच लावा."

मी पेटीची वायर काढून टाकली आणि कॅसेट लावली. इतक्या वर्षांत तिने पहिल्यांदा तो एकटा ऐकला. साधा आवाज, मागे दुकानातला पंखा, लांबून एक गिरणीचा भोंगा. लाट नाही, काही नाही. चोंदलेल्या नाकाने एक तरुण माणूस गात होता. शेवटच्या कडव्याच्या तोंडाशी त्याला खोकला आला. दोन ठसके.

"आल्याचा पाणी करून ठेवलेला त्या गोळीबाराच्या सकाळी," ती म्हणाली. "उशीर झालो म्हणून तो न घेताच गेलो."

गाणं संपलं. कॅसेट नुसती फिरत राहिली. मी बंद केली, वायरी गुंडाळल्या, कॅसेट तिथेच ताटाशेजारी ठेवली. क्षमा मागायचं घरून ठरवून निघालो होतो. शब्द आले नाहीत, आणि आले असते तरी ते ती घेणार होती असं तिच्या चेहऱ्यावर नव्हतं. ती दारापर्यंत आली. रीत म्हणून.

"येतो वहिनी."

ती उंबऱ्याआतच थांबली.

पेटी बगलेत धरून मी जिना उतरू लागलो. दुपारची वेळ, चाळीतली सगळी दारं उघडी. वळणावर पोचलो तेव्हा मागे दार लागल्याचा आवाज आला आणि त्यामागून कडी पडल्याचा. जुनी, गंजलेली, सवय सुटलेली कडी. पहिल्यांदा नीट बसली नाही. तिने पुन्हा उचलली आणि जोर लावून घातली.

मी तिथेच, वळणावर, बराच वेळ उभा होतो.